नसबंदी माझी, धीर नानांचा

आधी नानांचं नाव लिहितो. आनंदराव नाना. साताऱ्याकडच्या खंडाळ्याला आमच्या कंपनीच्या गेटवर बसतात. मिलिटरीत हवालदार होते. पेन्शनीत आल्यावर कोरेगावकडचा ऊस भावाकडं सोपवून इथं वॉचमन म्हणून लागले. मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. हल्ली डाव्या डोळ्यात पांढरं यायला लागलंय, म्हणून गेटपास वाचताना कागद लांब धरून उजेडाकडं वळवतात. त्यांच्याशिवाय हे झालं नसतं, आणि हे झालं नसतं तर माझी बायको आज असती की नाही, मला सांगता येत नाही. म्हणून त्यांचं नाव आधी.

आता माझं. मी बिरू. जत तालुक्यातलं कोरडं गाव, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सहावीत होतो तेव्हा एकदा वडिलांबरोबर, म्हणजे आप्पांबरोबर, मेंढरांमागं गेलो, तो शाळेत परत आलोच नाही. पुढं मेंढरंही सुटली. आठ वर्षं झाली, खंडाळ्यात गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत मशीनवर आहे. आप्पा आता नाहीत. बायको सारिका, पाच वर्षांची अनू, धाकटा बाळू आणि आई गावाकडं. इथून निघालं की सातारा, कराड, मिरज करत घरी पोचायला सगळा दिवस जातो.

मी नसबंदी करून घेतली. पुरुषाची. हे वाक्य लिहायला मला एक अख्खा रविवार लागला. पण माझ्यासारखा कुणीतरी आता कुठल्यातरी खोलीवर भीत बसला असेल. त्याच्यासाठी लिहितोय.

मिरजेचा व्हरांडा

बाळूच्या वेळी सारिकाला आठवा संपत आला होता. पाय सुजलेले, डोकं दुखायचं. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं असेल. एका सकाळी तिला झटके आले. जतहून मिरजेला न्यायला सांगितलं. गाडीत आई होती. सारिकाची दातखीळ बसली, तेव्हा आईनं तिच्या दातांत आपली बोटं घातली. तसं करायचं नसतं, हे नंतर कळलं. त्याची खूण आईच्या बोटावर अजून आहे.

मी खंडाळ्याहून पोचलो तेव्हा सिझर झालं होतं. बाळू काचेच्या पेटीत, सारिका आयसीयूत. पहिलं पोरही सिझरचंच. तीन दिवस ती मला ओळखत नव्हती. चौथ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.

"हे बघा, ह्या वेळी वाचल्या. तिसऱ्या वेळी मी तुम्हाला काही सांगू शकणार नाही. बीपी अजून खाली येत नाही. त्यांचं मुलं बंद करायचं ऑपरेशन आत्ता करता येत नाही. पुढं करायचं म्हटलं तरी परत भूल, परत पोट. तुम्ही तुमचं करून घ्या. वीस मिनिटांचं काम आहे."

मी "व्हय मॅडम" म्हणालो आणि खाली फरशीकडं बघत राहिलो. रोग बायकोचा, औषध मला सांगितलेलं. आणि त्या क्षणी जी भीती शिरली ती पुढं वर्षभर निघाली नाही.

भिंगऱ्या

ही भीती कुठली ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्यात कळपाला एखाद-दुसरा चांगला मेंढा ठेवतात आणि बाकीच्यांना बडवतात. म्हणजे त्यांचं नरपण काढतात. हे काम सगळ्यांना जमत नाही. शेजारच्या वाड्यावरचा एक म्हातारा यायचा. मी दहा वर्षांचा असताना आमच्या भिंगऱ्याचे मागचे पाय मी धरले होते. भिंगऱ्या म्हणजे कळपातला गुंड. सायकल दिसली की पाडायचा, मलाही दोनदा लोळवलेलं. त्या दिवशी म्हाताऱ्यानं दोन लाकडांच्या मधे धरून काय केलं ते लिहीत नाही. भिंगऱ्या ओरडलाही नाही. त्याचं अंग माझ्या हातात थरथरत राहिलं.

नंतर बरेच दिवस तो पाय फाकून उभा असायचा. मग हळूहळू अंगानं भरला. सायकल जवळनं गेली तरी बघायचा नाही. मेंढी अंगाला घासून गेली तरी रवंथ करत राहायचा. आप्पा खूश होते. "आता वजन धरंल," म्हणायचे.

मॅडम "तुमचं करून घ्या" म्हणाल्या आणि मला भिंगऱ्याचे डोळे दिसले. त्यात काहीच नसायचं.

हे मी कुणाला विचारणार? सारिकाला विचारलं असतं तर तिला वाटलं असतं, मी टाळतोय. दोस्तांना विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी साऱ्या शॉपमध्ये झालं असतं. म्हणून मी सगळ्यात सोपं ते केलं. घरी जायचं बंद केलं. सणाला ओव्हरटाइम मागून घेतला. गेलोच तर अंगणात बाज टाकायचो. सारिकाजवळ जायची भीती, आणि दवाखान्यात जायची त्याहून जास्त.

आईला एकदा मोघम बोललो. ती म्हणाली, "लेकरू जरा मोठं हुंदे, मग सारिकाचंच करू. बायाच करत्यात ते. गावातल्या समद्यांनी केलंय. बाप्यानं केल्यावर वझं कोण उचलंल?"

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

मग एका दुपारी सारिकाचा फोन आला.

"आवं, एक इचारू?"

"इचार की."

"खंडाळ्यात कोन हाय का तुमचं? असलं तर सांगून टाका. मी रडनार न्हाई."

"न्हाई ग. काम लय हाय."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. ती बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

गेटवर

आमच्याकडं रजेचा पास गेटवर जमा करावा लागतो. नानांनी एक दिवस सुट्टीच्या वेळी मला थांबवलं.

"बिरू, इकडं ये. सा म्हयनं झालं, तुझा पास माझ्याकडं आला न्हाई. बायकू हाय का सोडलीस?"

"हाय की नाना."

"मग जाईनास का? लेकरू वर्षाचं झालं असंल."

मी म्हणालो, काम. नाना म्हणाले, "काम मी बी बघतोय. ह्या गेटातनं काय जातंय न् काय येतंय ते मला कळतंय. बस."

बसलो. त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला. मला काय झालं कुणास ठाऊक, मिरजेपासनं सगळं सांगून टाकलं. शेवटी विचारलं, "नाना, मेंढा बडवत्यात तसंच असतंय का वो ते?"

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. मिशीवरनं हात फिरवला, रस्त्याकडं बघितलं.

"माझं झालंय," म्हणाले.

"काय?"

"तेच. दुसरी पोरगी झाली तवा. जबलपूरला हुतो. सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. आता माझ्याकडं नीट बघ आन् सांग. मी तुला बडवल्याला दिसतो का?"

आता हे ऐका. त्याच महिन्यात एक ट्रकवाला भंगार लपवून नेत होता, त्याला नानांनी रस्त्यापर्यंत पळत जाऊन केबिनमधनं खाली ओढला होता. त्यांची शिवी प्रेस शॉपला ऐकू आली होती. मला हसू आलं.

"आन् घरी?" मी खाली बघून विचारलं.

"घरचं इचारतोस व्हय रं? जा, काकूला इचार. लाटणं घिऊन सांगंल." मग जवळ सरकून म्हणाले, "कारखाना चालूच असतोय गड्या. मशीन तेच, शिफ्ट तीच. फकस्त एका मालाला गेटपास मिळत न्हाई."

मग जरा वेळानं, वेगळ्या आवाजात: "गावात वाटतंय काकूचं झालंय. मी कवा सांगितलं न्हाई. लाज वाटायची. तिनं बी माझी लाज झाकली. पयल्यांदा तुला सांगतोय."

हे इथं लिहू का म्हणून त्यांना विचारलं. म्हणाले, "लिव. आता काय मला परत भरती करून घेनार हायेत?"

साताऱ्याचा दिवस

नानांनी चौकशी केली, साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यातला वार काढला आणि स्वतःची सुट्टी टाकून माझ्याबरोबर आले. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "थांब," आणि एका दुकानातनं लाल लंगोट घेऊन आले. तालमीतला.

"नाना, हे कशाला?"

"नंतर कळंल. आधार लागतोय."

आत फॉर्म दिला. मराठीतच होता, पण कोर्टातल्यासारखी भाषा. दोन ओळींत माझा जीव घाबरला. मी नानांकडं दिला. त्यांनी खिडकीपाशी जाऊन, कागद लांब धरून, बोट ठेवून सगळा वाचून दाखवला. मग परत पहिल्यापासनं वाचला. मी म्हणालो, कळलं. ते म्हणाले, "कळू दे. सही तुझी हाय." हे ऑपरेशन कायमचं आहे, परत उघडता येईलच असं नाही, असं त्यात होतं. तीन महिन्यांचंही एक वाक्य होतं. त्यावर पुढं येतो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काही शंका? नानांनी मला कोपरानं ढोसलं. मी मेंढ्याचं विचारलं. डॉक्टर पेन ठेवून म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बरं झालं विचारलंत." मग कागदावर चित्र काढलं. मेंढ्याला बडवतात तेव्हा गोळीला रक्त नेणारी दोरीच ठेचतात, म्हणून गोळी सुकते आणि नरपण जातं. इथं गोळीला हात लावत नाहीत. त्यातनं बी वर नेणारी बारीक नळी तेवढी बांधून तोडतात. नरपण रक्तातनं जातं, त्या नळीतनं नाही. ताकद तीच, इच्छा तीच, पाणीही दिसायला तेच. फक्त त्यात बी नसतं.

तो चित्राचा कागद मी मागून घेतला. अजून पाकिटात आहे.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही, हीच त्यातली मोठी गोष्ट. केस काढले, गार औषध लावलं. सुई टोचली ती मुंगळा चावल्यासारखी. पुढं दुखलं नाही, आत कुणीतरी दोरा ओढतंय असं वाटत राहिलं आणि पोटात जरा कळ आली. ब्रदर मला विचारत होते, जतकडं पाऊस कसा आहे. मी म्हणालो, कसला पाऊस. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "झालं." टाका नाही. एक छोटी चिकटपट्टी. मी छताकडं बघत पडून राहिलो आणि भिंगऱ्यासारखं थरथरतंय का ते बघितलं. थरथरत नव्हतं.

बाहेर नाना बाकावर माझी पिशवी मांडीवर आणि माझी चप्पल पायाशी घेऊन बसले होते. चप्पल कुणी नेऊ नये म्हणून पायानं दाबून धरलेली.

"चालतोस का उचलू?" म्हणाले.

चाललो.

काकूंच्या घरी

खंडाळ्याला आम्ही सहा जण एका खोलीत राहतो, तीही तिसऱ्या मजल्यावर. नाना मला तिथं जाऊ देईनात. कोरेगावकडं त्यांच्या गावी नेलं. दारात काकूंनी माझ्याकडं बघितलं, नानांकडं बघितलं, आणि काही न विचारता पुढच्या खोलीत गादी घातली. शेजारची बाई डोकावली तर म्हणाल्या, "कंपनीतला हाय. पाठीत लचक भरलीया."

दोन दिवस लंगोट घट्ट बांधून पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी खाली निळं झालं आणि जरा सूज आली. माझं धाबं दणाणलं. नानांना सांगितलं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "दाखव." मी लाजलो. "लाजतोस काय, पलटणीत हेच बघत आलोय." मग वाकून, चांगला डोळा लावून, बंदूक तपासावी तशी तपासणी केली. "कागदावर लिवलंय हे. थोडं निळं पडतंय. ताप हाय का? पू? मग गप पड."

चार दिवसांत ते गेलं. आठवडाभर जड उचललं नाही. पुढं पंधरा दिवस मोटारसायकलवर बसलं की बारीक दुखायचं, मग तेही थांबलं.

काकूंच्या घरनंच सारिकाला फोन केला. सांगितलं, मी करून घेतलं. तिनं विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"जरा दुखतंय."

मग ती रडली. रडणार नाही म्हणाली होती, तरी.

माझी चूक

आता ते तीन महिन्यांचं. नळी बांधली तरी बांधाच्या वरच्या अंगाला आधीचं बी साठलेलं असतं. ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, मग पाणी तपासून घ्यायचं, आणि तपासणीत शून्य आलं की मगच निर्धास्त. ब्रदरनी पाकिटं दिली होती. नानांनी दोनदा वाचून दाखवलं होतं. मी दोन्ही वेळा "व्हय" म्हणालो होतो.

पण माझ्या डोक्यातनं मेंढा गेला नव्हता. आधी त्याची भीती होती, आता त्याचाच भरवसा वाटायला लागला. भिंगऱ्याला बडवला त्या दिवशीच त्याचं संपलं, असं मी धरून चाललो होतो. तीन आठवड्यांनी घरी गेलो. वर्षभरानं बायकोशी मोकळं बोललो, हसलो. पाकिटं पिशवीच्या तळाशी, पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून गुंडाळून ठेवलेली. ती तशीच राहिली.

पुढच्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत सारिकाचा फोन.

"आवं, दिवस वर गेल्यात. धा दिवस झालं."

मी पार्टच्या क्रेटवर बसलो. डोळ्यासमोर मिरजेचा व्हरांडा, मॅडमचा दमलेला चेहरा. मी तिला वाचवायला गेलो आणि मीच तिला परत त्या गाडीत घातलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. जेवणाचा डबा उघडला नाही. सरळ गेटवर गेलो.

नानांनी ऐकून घेतलं. ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले.

"कागद वाचून दाखवला हुता का न्हाई?"

"हुता."

"कितींदा?"

"दोनदा."

"मग?"

मी मेंढ्याचं सांगितलं. नानांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बिरू, त्या मेंढ्याला आता सोड बाबा," म्हणाले. मग माझ्या रजेचा पास त्यांनीच लिहिला, सुपरवायझरकडं जाऊन सही आणली, आणि मला महामार्गावर उभं करून एसटीला हात केला.

आईनं सांगितलं ते

घरी पोचलो तेव्हा आईला सगळं कळलेलं होतं. सारिकानंच सांगितलं होतं. आई ओसरीवर लोकर पिंजत बसलेली. शेजारी माझे चुलते, तात्या, तंबाखू मळत होते. तात्यांनी मला बघून डोळा बारीक केला.

"व्हय रं, बडवून आलास म्हनं? आन् तरी बी?"

आई मान वर न करता म्हणाली, "भावजी, तुमाला न बडवता काय दिवा लागलाय ते ठावं हाय आमाला. चुना लावा न् घरी जावा."

तात्या उठले. आई माझ्याकडं वळली.

"ये. बस. सारिकानं मला त्या तीन म्हयन्याचं सांगितलं. तू डागदरचं ऐकलं न्हाईस, ते ऱ्हाऊंदे. आप्पाचं तरी ध्येनात ठेवायचं. बडवल्याला मेंढा आपन कवा सोडतो मेंढ्यांत?"

"लगीच की."

"लगीच? म्हयना-दीड म्हयना येगळा बांधतो. आत साठल्यालं असतंय. भिंगऱ्या कुठं हुता तवा? लिंबाला बांधल्याला हुता, तूच त्याला पाला टाकत हुतास."

आणि मला आठवलं. लिंब, दावं, पाला. मला वाटायचं, आजारी आहे म्हणून बांधलाय.

"निम्मं शिकलास न् निम्म्यावर घाबरलास," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मला इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"आई, मागल्या बारीला तर तूच म्हनालीस, बाप्यानं करू ने."

तिनं पिंजण खाली ठेवलं. बोटावरची खूण दुसऱ्या हातानं चोळत बसली. "मागल्या बारीला तू इचारलं न्हाईस. नुस्तं बोललास. मी बी नुस्तं बोलले. गाडीत तिचं त्वांड मी धरलं हुतं लेका. तू नव्हतास. मला ते दुसऱ्यांदा न्हाई बघायचं."

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. एवढे दिवस मी तिच्या एका वाक्याच्या आड लपून बसलो होतो, आणि तिच्यासाठी ते नुसतंच बोलणं होतं.

जतच्या मेडिकलमधनं तपासायची पट्टी आणली. एकच रेघ आली, म्हणजे काही नाही. आमचा विश्वास बसेना. दुकानदार म्हणाला, दोन दिवसांनी परत करा. ते दोन दिवस मी शेळीचं खोपटं दुरुस्त केलं, पत्रा बदलला, जे दिसेल ते उचललं. सारिका माझ्याशी नीट बोलत होती, त्यानं मला जास्त लाज वाटत होती.

"मी बी इचारायला पायजे हुतं तुमाला," ती म्हणाली. "तुमी हसत हुता. लय दिसांनी. म्हनून न्हाई इचारलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मी अंगणात होतो. सारिका आतनं आली. माझ्याकडं बघितलंच नाही. आईला म्हणाली, "आत्या, पाळी आली."

आईनं डोळे मिटले, "बिरोबा" एवढंच म्हणाली. मग डोळे उघडून मला म्हणाली, "तुजी बाज तात्याच्या वसरीला टाक. तपासनीचा कागद आनस्तोवर हिकडं यायचं न्हाई."

म्हणजे मलाही लिंबाला बांधलं म्हणायचं.

शून्य

तीन महिने पुरे झाल्यावर मिरजेला तपासणी केली. त्या छोट्या बाटलीचं आणि त्या बाथरूमचं वर्णन करत नाही. बाहेर चार माणसं रांगेत, आत नळ टपटपतोय आणि आपण बाटली धरून उभे. ज्यांना जायचं आहे त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की आत प्रत्येक जण असाच उभा असतो. बाहेर आल्यावर लॅबमधल्या माणसानं नाव विचारलं आणि माझ्या तोंडाकडं न बघता लेबल लावलं. त्याचे उपकार.

कागद दुपारी मिळाला. इंग्रजीत. डॉक्टर जेवायला गेलेले. मला थांबवेना. फोटो काढून नानांना पाठवला आणि फोन लावला.

"थांब," नाना म्हणाले. "मोठं करून बघतो. ह्या डोळ्यात ढग हाय." मला पलीकडं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "नाव तुझंच हाय. खाली... निल लिवलंय."

"म्हंजी?"

"म्हंजी शून्य, गड्या. शाळंत शून्य मिळाल्यावर मार खाल्ला असशील. हे शून्य फ्रेम करून लाव."

मी दवाखान्याच्या आवारात रिक्षावाल्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि रडलो. नंतर डॉक्टरांनी कागद बघितला, "झालं, आता काळजी नको," म्हणाले. सारिकाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आत्याला कागद दावा आधी. मग बाज हलवा."

आईला वाचता येत नाही. तिनं कागद हातात धरून मला त्या शून्याच्या जागी बोट ठेवायला लावलं. ठेवलं. मग बाज हलली.

आता

आता वर्ष होत आलं. क्रेट तेवढेच उचलतो. वजन वाढलं असेल तर काकूंच्या भाकरीचं. राग येतो, हसू येतं, बायकोची आठवण येते. सारिकाची बीपीची गोळी अजून चालू आहे, पण बीपी खाली आहे. महिन्याला माझा रजेचा पास गेटवर जातो आणि नाना त्यावर मिशीत हसून शिक्का मारतात. खोलीवरच्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं. एकाला पाकिटातलं चित्र दाखवलं. तो अजून विचार करतोय. करू दे, कायमची गोष्ट आहे.

ज्याला भीती वाटते त्यानं ती कुणाला तरी बोलून दाखवावी. मी वर्षभर बोललो नाही. भीती मेंढ्याची होती आणि शिक्षा सारिकाला होत होती.

राहिले नाना. त्यांच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. नाना तयार नाहीत. ट्रकमधनं माणूस ओढणारा माणूस, पण म्हणतात, "डोळ्यापाशी कुनी काय टोकदार आनलं तर मी पळून जाईन रं." मी हसत नाही. त्यांना त्यांचा कुठला मेंढा दिसतो, ते एक दिवस विचारणार आहे.

तोवर चहाच्या सुट्टीत मी गेटवर बसून त्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो. आधी अडखळायचो, आता कमी अडखळतो. कोर्टाच्या बातम्या मुद्दाम वाचतो, भाषा अवघड असते म्हणून. ज्या दिवशी नाना हो म्हणतील त्या दिवशी मी सुट्टी टाकणार, पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसणार, चप्पल पायानं दाबून धरणार. आणि त्याआधी, खिडकीपाशी उजेडात जाऊन, तो फॉर्म त्यांना मी वाचून दाखवणार आहे. दोनदा.